डाव्या कोपऱ्यातलं पान

सिडनीच्या पश्चिमेकडं एक छोटं कॉलेज आहे. तिथल्या मैदानाचं गवत कापणं, खड्डे बुजवणं, गोलच्या जाळ्या बांधणं आणि पांढऱ्या रेघा मारणं हे माझं काम. एकोणीस वर्षं केलं, आता गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणून मीही दिला. मराठी मंडळाची अंकवाली मंडळी म्हणाली, काका, नोकरीवर लिहा. मी सातवी पास. ज्या अंकात डॉक्टर आणि इंजिनियर लिहितात त्यात मी गवतावर लिहिणार. पटलं तर वाचा, नाहीतर पुढं कविता असतीलच.

कोल्हापुरातही मी हेच करायचो. तिथं चुन्याची फक्की होती, इथं रंगाची टाकी बसवलेली ढकलगाडी आहे. लोकांना वाटतं गाडी ढकलली की रेघ येते. तसं नसतं. आधी खुंट्या आणि सुतळी. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका बाजूला तीन मीटर, दुसऱ्या बाजूला चार, आणि त्या दोन टोकांत तिरकं पाच भरलं की कोपरा काटकोनात. गणिताच्या एका प्रोफेसरनं मला विचारलं होतं, हे कुठं शिकलात. म्हटलं गवंड्याकडं. मग रेघ मारताना गाडीकडं बघायचं नाही, समोरच्या खुंटीकडं बघायचं. गाडीकडं बघितलं की रेघ गांडुळासारखी जाते.

गिऱ्हाईकंही एकेक. एक मॅडम दर बुधवारी मधल्या गोलात ध्यानाला बसायच्या, नेमकं मी रंग मारल्यावर. उठल्या की पँटवर मागं अर्धवर्तुळ. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा म्हटलं, बसा, रंग बिनविषारी आहे.

पण मला एकाच मॅचबद्दल लिहायचंय. ती आम्ही हरलो, हे आधीच सांगून टाकतो.

माझी बायको सुमन नर्स. तिला इथं नोकरी मिळाली आणि तिच्या व्हिसावर सामानासारखा मी आलो. शनिवारी ड्यूटी नसली की ती मैदानावर यायची, बाकाशेजारी बर्फाची पिशवी घेऊन बसायची. पोरं तिला सिस्टर म्हणायची. कुणी लंगडायला लागला की ही आधी शिव्या द्यायची, मग बर्फ. मॅचमधलं तिला काही कळत नव्हतं. गोल झाला की विचारायची, आपला का त्यांचा.

गेल्या वर्षी श्रावणात ती गेली. हार्ट.

दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा आला नाही. टूनगॅबीचे गुरुजी आठवडाभर कॉम्प्युटरचं काम करतात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात. त्यांना अकराला दुसरीकडं वास्तुशांत होती. अर्धा तास वाट बघून ते म्हणाले, कावळा शिवला नाही तर दर्भाचा करतात, शास्त्रात सोय आहे. गवताच्या काडीला गाठ मारली, पिंडाला टेकवली, झालं म्हणाले. मी गवतात जन्म घालवलेला माणूस. गवत म्हणजे गवत, तो कावळा नव्हे. सगळी नर्सगिरी मनापासून केलेल्या बाईला शेवटी आपण खोटा कावळा दाखवला, हे वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नाही. वर्षश्राद्धाला खरा कावळा शिवला पाहिजे, एवढंच मी धरून बसलो होतो.

तिथी आली शनिवारी. आणि त्याच शनिवारी दोन वाजता मोठ्या युनीबरोबर, म्हणजे युनिव्हर्सिटीबरोबर, आमच्या कॉलेजची फुटबॉल मॅच.

ही मोठी युनी म्हणजे काय ते सांगतो. ते खेळाडू शोधायला माणसं पाठवतात. कुणी फिजीतून आणलेला, कुणी ब्राझीलमधून, कुणी पर्थवरून. फी माफ, राहायला खोली, जेवणात किती अंडी ते ठरवायला वेगळा माणूस. त्यांच्या बसवर त्यांचंच नाव. बरोबर एक लॅपटॉपवाला, तो सगळ्या टीमच्या मॅचेस बघून कोण कुठून पळतो त्याचे बाण काढून देतो. आमच्याकडं निवड अशी व्हायची की शनिवारी शिफ्ट कुणाला नाही. आमचा गोली बेकरीतून थेट यायचा, केसात पीठ. आमच्याकडं धड एकच गोष्ट होती, जोसेफचा डावा पाय. जोसेफ आमचा कॅप्टन, लेबनानी घरातला, प्लंबिंग शिकणारा. डाव्या बाजूनं तो सुटला की बरा दिसायचा. बाकी दहा जण त्याच्याकडं बॉल द्यायचे आणि बघत राहायचे.

आमची मुलगी वैशाली स्कोफिल्ड्सला राहते. तिची पोरगी तापानं फणफणलेली, म्हणून तिला त्या दिवशी येता येईना. फोनवर म्हणाली, "बाबा, घरीच करा. बाल्कनीत ठेवा पान. आणि प्लीज, एक दिवस सुट्टी घ्या."

सकाळी आमच्या हॅरिस पार्कच्या फ्लॅटवर गुरुजींनी सगळं यथासांग केलं. भात, वडा, काळे तीळ, फ्रोझन केळीचं पान. पान बाल्कनीत ठेवलं. पाच मिनिटांत एक पक्षी उतरला. मी हात जोडले. डोळे उघडले तर बगळा. इथं तो लांब चोचीचा, मळक्या रंगाचा बगळा असतो, कचऱ्याचे डबे उपसत फिरतो. त्यानं पिंड उचलला, मान वर करून आख्खा गिळला आणि माझ्याकडं असं बघितलं की अजून आहे का.

गुरुजींना विचारलं, चालेल का.

"बगळ्याचा उल्लेख नाही कुठं," ते म्हणाले.

"मग?"

"दर्भ आहे माझ्याकडं."

मी म्हटलं, दर्भ ठेवा खिशात. सूर्यास्तापर्यंत वेळ आहे का, एवढं सांगा. आहे म्हणाले. मी उरलेल्या भाताचा दुसरा पिंड केला, पान, वडा, तीळ आणि मूठभर भातासकट डब्यात भरला आणि कामावर गेलो. मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात, कुंपणाजवळ निलगिरीचं झाड आहे. त्यावर कावळे कायम. पोरांचे चिप्स सांडतात, त्यावर पोसलेले. इथला कावळा रडक्या पोरासारखा ओरडतो, पण कावळाच आहे.

अडाणीपणा माझा इथं झाला. कॉर्नरच्या झेंड्यापासून चार पावलांवर, रेघेच्या जरा बाहेर, मी पान ठेवलं. नव्वद मिनिटं बावीस जण जिथं बोंबलत पळणार, तिथं मी कावळ्याला जेवायला बोलावलं. कोल्हापुरात भर सामन्यात कावळे मैदानावर फिरतात, ही सवय डोक्यात. इथले कावळे शिस्तीचे निघाले.

मॅच सुरू झाली. मी उलट्या बादलीवर बसून झाडाकडं बघत होतो. तीन कावळे वर. एक फांदीच्या टोकापर्यंत यायचा, तेवढ्यात बॉल इकडं यायचा आणि तो उडायचा. फर्स्ट हाफमध्ये मोठी युनी आमच्याच दिशेनं, या कोपऱ्यातूनच चढत होती. त्यांचा फिजीचा पोरगा, अविनेश नावाचा, वाऱ्यासारखा. तो आला की मी पानापुढं आडवा हात करून उभा. एकदा लाइन्समननं मला हाकललं. एक बॉल पानाला चाटून गेला. त्याच हल्ल्यात गोल झाला. त्यांचा.

मधे कोणी नसलं की मी वर बघून कबूल करायचो. आपल्यात असतंच, कावळा शिवत नसला की गेलेल्या माणसाची इच्छा ओळखून मोठ्यानं वचन द्यायचं.

"सुमे, बीपीची गोळी रोज घेईन."

कावळा गप्प.

"वैशालीकडं दर रविवारी जाईन. जावयाशी नीट बोलेन."

कावळ्यानं पंख साफ केले.

"तंबाखू सोडली."

हे खोटं होतं, ते त्यालाही कळलं असावं. उडून पलीकडच्या फांदीवर गेला.

हाफटाइमला पोरं संत्र्याच्या फोडी चोखत बसली होती. आमचा कोच मिक माझ्याकडं आला. मिक शिकवायचा प्लंबिंगच, फुटबॉल त्याला गळक्या नळासारखा वाटायचा, कुठंतरी घट्ट करून बघू.

"काका, मेट, तू झाडाशी का बोलतोयस?"

सांगितलं. माझं इंग्रजी मोडकं, पण क्रो, राइस, सिस्टर, वन इयर, एवढ्यात समजलं. मिकनं डोक्यावरची टोपी काढली. पोरं फोडी तोंडातच ठेवून ऐकत होती.

जोसेफ म्हणाला, "सिस्टरसाठी आहे ते?"

"हो."

"आणि तो पक्षी आपल्या आवाजानं येत नाही?"

"हो."

तो उठला. "सेकंड हाफला आपण त्या बाजूला अटॅक करतोय. कुणीही डावीकडं जायचं नाही. बॉल गेला तर जाऊ दे."

गोली म्हणाला, "भावा, डावीकडं फक्त तूच जातोस. तेवढंच येतं आपल्याला."

"मग मी उजवीकडं जातो."

"तुला उजवा पाय आहे?"

"उभं राहायला वापरतो."

मी म्हटलं, असं करू नका रे, तुमची मॅच आहे. ती हरलात तर शेवटच्या नंबरवर राहता. जोसेफ म्हणाला, शेवटचा नंबर कुठं पळून जात नाही, काका.

सेकंड हाफ सुरू झाला आणि मी आयुष्यात बघितली नाही अशी मॅच बघितली. लॅपटॉपवाल्यानं त्यांना बाण काढून दिले होते, ही टीम डावीकडूनच येते. म्हणून त्यांनी जोसेफसाठी तीन तगडे गडी डाव्या बाजूला लावले होते. अविनेशलाही खाली ओढून तिथंच उभा केला होता. आणि डावीकडं आमचं कोणी फिरकेचना. ते चार जण रिकाम्या गवताची राखण करत उभे. त्यांचा कोच ओरडत होता, जागा सोडू नका, ही त्यांची चाल आहे. चाल कसली, पिंड होता. लॅपटॉपवाला मान खाली घालून बटणं दाबत होता. त्याच्याकडं पिंडाचा बाण नव्हता.

इकडं उजव्या बाजूला आमचे अकरा विरुद्ध त्यांचे सात. आमच्या पोरांना एवढी मोकळी जागा कधी मिळालेली नव्हती, ती बावरूनच गेली. तरी जोसेफनं उभं राहायच्या पायानं एक बॉल आत टाकला, तो आमच्या एका पोराच्या ढुंगणावर आपटून गोलात गेला. त्याला कळलंच नाही. सगळे अंगावर पडले तेव्हा तो सॉरी म्हणत होता.

एकास एक. मोठ्या युनीशी.

कावळा मात्र तिथंच. कोपरा शांत झाला होता, पण ते चार राखणदार उभे होते ना. एकदा खाली कुंपणावर येऊन बसला. मान वाकडी करून भाताकडं बघितलं. मी श्वास धरला. मागं कुणाचा तरी फोन वाजला आणि तो परत वर.

शेवटची मिनिटं आली. उजवीकडून आलेला आमचा एक बॉल त्यांच्या गड्याच्या डोक्याला लागून बाहेर गेला, आणि गेला तो नेमका डाव्या कोपऱ्याकडं. कॉर्नर आमचा. सगळे गोलसमोर जमले. जोसेफ बॉल घेऊन झेंड्याजवळ आला. आणि थांबला.

पानापासून हातभर अंतरावर कावळा उतरलेला होता.

जोसेफ बॉल काखेत धरून उभा. रेफरी म्हातारा स्कॉटिश माणूस, लाल चेहऱ्याचा. त्यानं शिट्टी मारली. घे कॉर्नर.

"नाही घेऊ शकत, रेफ."

"का?"

"तो जेवतोय."

"कोण?"

जोसेफनं बोट दाखवलं. कावळा अजून जेवत नव्हता, पण पोरगा आशेनं बोलला. रेफरीनं बघितलं आणि पिवळं कार्ड काढलं, वेळ घालवतो म्हणून. नियम आहे, त्याचं चुकलं नाही. आमचा दुसरा पोरगा पुढं आला, म्हणाला मी घेतो. बॉल घेतला आणि तोही उभा राहिला. त्यालाही पिवळं. तिसरा निघाला तेव्हा रेफरी म्हणाला, माझ्याकडं कार्डं भरपूर आहेत, मुलांनो. मोठ्या युनीची पोरं बोंबलायला लागली. कावळा दोन उड्या मागं.

मी उठलो. म्हटलं, मार लेका बॉल, मॅच हातची जाईल, मी संध्याकाळपर्यंत बसेन इथं. जोसेफ म्हणाला, "शट अप, काका." आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी उद्धट बोलला.

तेवढ्यात अविनेश चार पावलं पुढं आला. त्यानं पान बघितलं, तीळ बघितले. फिजीतल्या भारतीय घरांत हिंदीच बोलतात, माझ्याकडं बघून त्यानं हिंदीत विचारलं, "किसका है?"

"घरवाली का."

तो वळला आणि स्वतःच्या टीमकडं हात करून खाली दाबल्यासारखं केलं. त्यांच्या कॅप्टनला जाऊन काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. कॅप्टननं त्याच्याकडं वेड्यासारखं बघितलं, मग कावळ्याकडं, मग कंबरेवर हात ठेवून गप्प उभा राहिला. एकेक करून सगळेच गप्प झाले. रेफरीनं घड्याळ बघितलं, आमच्याकडं बघितलं, गुडघ्यावर बसला आणि बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागला. ती झाल्यावर दुसऱ्या बुटाची. तीन गाठी मारल्या, मी मोजल्या.

मैदान इतकं शांत मी फक्त पहाटे रेघा मारताना बघितलंय.

वचनं माझी संपली होती. सगळं कबूल करून झालं होतं. मग जे वर्षभर कुणाला सांगितलं नाही ते तोंडातून आलं, हळू आवाजात. "सुमे, त्या दिवशी तू दोनच्या आत ये म्हणाली होतीस. ट्रॅफिक नव्हता. पावसानं पेनल्टी बॉक्सच्या रेघा गेल्या होत्या, त्या परत मारत बसलो. मला वाटलं तू हॉस्पिटलात आहेस म्हणजे ड्यूटीवर असल्यासारखीच, तुला काय होतंय. तीन वाजता आलो, तोवर तू गेली होतीस. मी यायला पाहिजे होतं."

वैशालीला मी ट्रॅफिकच सांगितलं होतं. ती हे वाचेल. वाचू दे.

कावळा आला. आधी वडा उचलला, ठेवला. मग पिंडात चोच घातली, एकदा, दोनदा, आणि भाताचा गोळा घेऊन झाडावर गेला. माझ्या बोलण्यानं आला का बावीस माणसं गप्प उभी राहिली म्हणून आला, मला माहीत नाही. गुरुजींना विचारलं तर म्हणाले दोन्ही धरा.

रेफरी उठला. शिट्टी मारली.

जोसेफनं कॉर्नर मारला तो भिकार. डोळ्यात पाणी घेऊन डावा पायही चालत नाही. त्यांच्या गोलीनं बॉल अलगद धरला, अविनेशकडं फेकला, आणि अविनेश जो सुटला तो आख्खं मैदान पार करून गेला. आमचे सगळे इकडं, कॉर्नरला आलेले. पीठ लागलेला गोली एकटा. दोन एक. लगेच लांब शिट्टी.

पोरं मोजे खाली ओढत बाहेर आली. जोसेफ माझ्याजवळ येऊन म्हणाला, सॉरी काका. मी म्हटलं, गोल झाल्यावर ती विचारायची ते मी विचारतो, आपला का त्यांचा. तो हसला आणि रडला. मिकनं त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला नेलं. त्या सीझनला आम्ही शेवटच्या नंबरवर आलो. त्या एका पॉइंटनं वर गेलो असतो. मला त्याचं अजून वाईट वाटतं, पोरांना वाटत नाही म्हणतात.

मग माझं काम. जाळ्या सोडायच्या, झेंडे काढायचे, बुटांनी उखडलेलं गवत पायानं दाबून परत बसवायचं. मी जाळीचे हूक काढत होतो तर अविनेश आला. कपडे बदललेले, खांद्यावर युनीची महागडी बॅग. पार्किंगमध्ये त्यांची बस चालू होती.

म्हणाला, "अंकल, और चावल है?"

मी म्हटलं, का रे.

त्याची आजी गेल्या महिन्यात फिजीत, सुवाला वारली. त्यांच्यातही आजीला आजीच म्हणतात. तिनंच वाढवलेला. जाता आलं नाही. सीझन सोडून गेलास तर जागा दुसऱ्याला, असं त्याला सांगितलेलं. क्रिया त्यानं फोनवर बघितली, आणि मध्येच त्याला ट्रेनिंगला बोलावलं. हे सगळं तो त्याच्या त्या फिजीच्या हिंदीत भराभरा सांगत होता, बुटाच्या टोकानं माझं गवत उकरत. मी पहिल्यांदा कुणाला गवत उकरू दिलं.

डब्यात मूठभर भात होता. मी म्हटलं, तूच कर गोळा, माझ्या हातचा कशाला. त्यानं केला. चांगला गोल केला. तीळ पानावर सांडलेले होते तेच लावले. त्याच पानावर ठेवला. आम्ही दोघं मागं सरून उभे राहिलो.

झाडावर तिन्ही कावळे होते. पोटं भरलेली. एक सुद्धा हलेना. बसनं हॉर्न दिला. अविनेशनं वर बघून काहीतरी कबूल केलं. परत हॉर्न. त्यांचा कोच खिडकीतून त्याच्या नावानं ओरडला.

"नहीं आ रहा," तो म्हणाला. त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं. अकरा माणसं मागं लागली तरी न सापडणारा तो पोरगा, तिथं हलेना.

मी सातवी पास. शास्त्र मला येत नाही. पण एकोणीस वर्षं मी रेघ कुठं मारायची ते ठरवलंय.

मी म्हटलं, "आ गया था. पान एकच आहे ना? मघाशी तो जेवला तेव्हा दोघींचं पोचलं. माझी बायको नर्स होती. एकटी जेवणारी नव्हती. तुझ्या आजीला आधी वाढलं असेल तिनं."

"सच में?"

"मी इथला माणूस आहे. कावळे माझ्या ओळखीचे आहेत. जा, बस सुटेल."

तो खाली वाकला. मला वाटलं पानाला नमस्कार करतोय, तर त्यानं माझ्या चिखलाच्या बुटांना हात लावला आणि बसकडं पळत सुटला, सरळ मैदानाच्या मधून, तेवढ्याच वेगानं. मी बादली पालथी केली आणि त्याच्या गोळ्यापाशी बसलो. अंधार पडेपर्यंत उठलो नाही, कारण तो बगळा कुंपणावर येऊन बसला होता आणि त्याला मी त्या भाताला शिवू देणार नव्हतो.